चाकापुढची जागा

एकदा एका टेकडीवर, नदीच्या वळणाकडे तोंड करून उभ्या असलेल्या मठात, एक वृद्ध महाराज आणि त्यांचा शिष्य वामन राहत असत. महाराज दीर्घ तीर्थाटनाला गेले, तेव्हा मठाचा सारा भार वामनने एकट्याने वाहिला. पूजा चुकली नाही, अन्नछत्र थांबले नाही, चैत्री पौर्णिमेचा रथोत्सवही त्याने यथासांग केला. पुढच्या चैत्राच्या तोंडावर महाराज परतले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या वर्षीचा रथ कसा झाला?"

वामन हात जोडून म्हणाला, "आपल्या कृपेने निर्विघ्न पार पडला."

महाराजांनी मान हलवली आणि ते स्नानाला निघून गेले.

या मठाचा रथ सागवानी, दुमजली आणि प्रचंड जड होता. पौर्णिमेच्या सकाळी देव रथात बसत आणि माध्यान्हीच्या आत नदीच्या घाटावर पोहोचत, अशी परंपरा होती. सपाटीवर वरच्या गावची माणसे दोरखंड धरून तो ओढत. पण वेशीपासून घाटापर्यंत तीव्र उतार होता, आणि तिथे रथ ओढण्याची गरज नसे, दोर नुसते दिशेसाठी धरायचे; त्याला आवरावे लागे. त्यासाठी धावत्या चाकापुढे लाकडाची जाड पाचर सारायची. तिला मोगरी म्हणत. चाक मोगरीवर चढले की रथ थबके. मग मोगरी काढायची, दोन हात पुढे पुन्हा लावायची. फिरत्या चाकासमोर वाकून करायचे हे काम नदीकाठच्या खालच्या आळीतले नावाडी कित्येक पिढ्या करत आले होते.

या वर्षी मात्र खालच्या आळीतून कोणी आले नाही. वामनने निरोप धाडला, तेव्हा उत्तर आले, "आम्हाला बोलावू नका." त्याने पुन्हा निरोप धाडला. या खेपेस उत्तरही आले नाही.

उत्सवाच्या आदल्या दिवशी महाराजांनी विचारले, "वामना, उद्या सगळे आहेत ना?"

"खालची आळी रुसली आहे, महाराज. त्यांना मान हवा असेल. पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. वरच्या गावातली तरुण मुलं मी मोगरीसाठी तयार केली आहेत. आपले सगळे आहेत."

"आपले सगळे आहेत," महाराजांनी ते शब्द हळूच उच्चारून पाहिले.

पौर्णिमेला सूर्य वर येताच नगारा वाजला. अबीर उधळला गेला, देव रथात बसले, आणि रथ गावातून डुलत निघाला. वामन पुढे चालत होता. त्याचे लक्ष वारंवार आकाशाकडे जात होते. दोन ठिकाणी ओवाळणीला वेळ लागला होता आणि ऊन चढत होते. रथ वेशीपाशी पोहोचला. उतारापूर्वी तिथे थांबून नारळ फोडण्याची प्रथा होती, म्हणून चाकांखाली दगड सारले गेले. मोगरीवाली मुले आपापल्या चाकाजवळ उभी राहिली. उजव्या पुढच्या चाकाचे काम उत्सवाच्या यजमानांच्या, गावातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलाकडे होते. त्याचे नाव शशिकांत. तो घामाने निथळत होता, आणि तो घाम काही नुसत्या उन्हाचा नव्हता.

नारळ फुटला. "सोडा!" असे म्हणण्यासाठी वामनने हात वर केला, आणि तो हात तसाच राहिला.

महाराज गर्दीतून पुढे आले होते. काठी त्यांनी कडेला ठेवली, आणि उजव्या पुढच्या चाकासमोर, दोन हात अंतरावर, चाकाकडे तोंड करून ते धुळीत मांडी घालून बसले.

क्षणभर कोणाला काही उमगले नाही. मग नगारा थांबला. टाळ थांबले. मागच्या लोकांना पुढे काय झाले ते दिसत नव्हते, ते रेटत होते. पुढचे दोन्ही हात पसरून त्यांना थोपवत होते. शंभर मणांचा तो रथ दोन दगडांवर अडकून उताराकडे झुकला होता आणि त्याच्यासमोर एक म्हातारा माणूस शांत बसला होता.

वामन धावत आला. "महाराज, इथे बसू नका. उठा, मी हात देतो."

"मी ठीक आहे. तुम्ही रथ सोडा."

"असं कसं सोडू?"

"का? मोगरीला माणसं आहेत ना? तूच काल म्हणालास, आपले सगळे आहेत. ते आवरतील."

वामनने शशिकांतकडे पाहिले. त्या मुलाने मोगरी हळूच जमिनीवर ठेवली आणि तो दोन पावले मागे सरला. "मी नाही लावणार," तो म्हणाला. "माझा हात चुकला तर?" त्याचे पाहून बाकीच्या मुलांनीही मोगऱ्या खाली ठेवल्या.

व्यापारी पुढे झाले. त्यांच्या घराण्याने कधी रथ चुकवला नव्हता. ते संतापले होते, पण आवाज आदराचाच होता. "महाराज, माध्यान्ह टळेल. माझ्या आजोबांच्या काळापासून असं कधी घडलं नाही. आपण उठावं, अशी माझी विनंती आहे."

"उठतो," महाराज म्हणाले. "मी उठलो की या जागेवर तुमचा शशिकांत वाकेल. मग सोडू या रथ?"

व्यापाऱ्यांनी चाकाकडे पाहिले, मुलाच्या अनवाणी पावलांकडे पाहिले, आणि ते मागे वळून गर्दीत उभे राहिले.

ऊन तापत होते. कोणी म्हणे, महाराजांचे वय झाले, भान राहिले नाही. कोणी म्हणे, हा देवाचा अवमान आहे. एकाने तर वामनला सुचवले की चौघांनी मिळून त्यांना उचलावे. वामनला लाज, राग आणि भय एकाच वेळी दाटून आले. तो गुरूंच्या समोर धुळीत गुडघे टेकून बसला. आता त्याच्या पाठीशी चाक होते. त्याच्या मानेला त्या लाकडाची सावली थंडगार लागत होती.

"माझं काय चुकलं, ते तरी सांगा," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"परवा नदीवर स्नानाला गेलो होतो," महाराज म्हणाले. "सुकदेव नावाडी घाटावर बसला होता. मी म्हटलं, सुकदेवा, होडी आण, पलीकडे जाऊ. तो उठला तेव्हा मला दिसलं की त्याचा उजवा पाय घोट्यापाशी संपतो. कसं झालं, ते मी विचारून घेतलं. वामना, गेल्या वर्षी या चाकाखाली त्याचं पाऊल आलं, तेव्हा तू इथेच होतास ना?"

"होतो."

"तू काय हाक दिलीस?"

वामनला वाटले, सारे गाव ऐकते आहे. खरोखर ऐकतच होते, कारण आता कोणीही बोलत नव्हते.

"बोल. मोठ्याने बोल."

"मी म्हणालो... थांबू नका. चालू द्या. माध्यान्ह टळेल."

"आणि मग?"

"दोघांनी त्याला उचलून कडेला निजवलं. रथ पुढे गेला."

महाराज म्हणाले, "आज मी काही निराळं केलेलं नाही. त्याच्या जागेवर येऊन बसलो, एवढंच. मला इथे पाहिलं आणि तुमचा नगारा थांबला, दोर थांबला, माध्यान्हीचीही पर्वा उरली नाही. तो इथे पडला तेव्हा काहीच थांबलं नाही. तू म्हणतोस, त्या लोकांनी आपल्याला सोडलं. अरे, रथ पुढे गेला त्या क्षणी आपणच त्यांना मागे सोडलं. आणि एक माणूस कडेला टाकून जो उत्सव पार पडला, त्याला तू निर्विघ्न म्हणालास. त्या विघ्नात तुला आपलं कोणी दिसलंच नाही."

वामनने डोळे पुसले नाहीत. तो उठला. "मी जातो, महाराज. त्यांना घेऊन येतो."

"घेऊन येण्यासाठी जाणार असशील, तर जाऊ नकोस."

वामन उतारावरून एकटाच निघाला. पायांखालची माती तापली होती. वर्षभरात या वाटेने तो कितीदा घाटावर गेला होता, पण घाटाच्या अलीकडे डावीकडे फुटणाऱ्या बोळात त्याने पाऊल टाकले नव्हते. बोळाच्या तोंडाशी जाळी वाळत होती. माणसे दारात उभी होती. वरचा नगारा मध्येच का थांबला, याचा अंदाज घेत होती. त्याला पाहून कोणी नमस्कार केला नाही. कोणी वाटही अडवली नाही. एका म्हाताऱ्याने नुसते बोटाने घर दाखवले.

सुकदेवची बायको बायजाबाई उंबऱ्यावरच उभी होती.

"का आलात, वामनबोवा? रथ अडला?"

"हो, अडलाय."

"मग इथे कशाला आलात? मोगरीला पोरं शिकवलीत ना वरची?"

"मी मोगरीसाठी नाही आलो."

"मग?"

वामनने पुष्कळ शब्द जुळवले होते. ते त्याने सोडून दिले. "सुकदेवभाऊ कसे आहेत, ते विचारायला आलो," तो शेवटी म्हणाला. "हे तेव्हाच विचारायला हवं होतं."

बायजाबाईचा चेहरा हलला नाही. पण आवाज चिरकला. "दुसऱ्या दिवशी तुमचा प्रसाद आला होता. नारळ आणि खडीसाखर. हे तापाने फणफणले होते, पाय काळा पडला होता. मी तो नारळ हातात घेऊन दारात उभी राहिले. वाटलं, मागून कोणीतरी माणूस येत असेल. पाऊस गेला, होळी गेली, कोणी आलं नाही. माझा मालक पंचवीस वर्षं तुमच्या देवापुढे वाकला हो! देव दिसत नाही तिथून, माहीत आहे? नुसतं चाक दिसतं."

"मला माहीत नव्हतं," वामन म्हणाला. मग त्याने स्वतःलाच दुरुस्त केले. "मी जाणून घेतलं नाही. हाक मीच दिली होती, बाई. रथ थांबवू नका म्हणून. ती हाक माझी होती."

आतून आवाज आला, "आत येऊ दे त्यांना."

सुकदेव खाटेवर बसला होता. कुबडी भिंतीला टेकलेली होती. वामन त्याच्या पायाशी जमिनीवर बसला. तिथे कपड्याच्या पट्टीत गुंडाळलेला घोटा होता, आणि त्याच्यापुढे काही नव्हते. वामनने प्रथमच तो नीट पाहिला.

"ती हाक ओळखली होती मी," सुकदेव म्हणाला. "पडल्या पडल्या ऐकली. पायापेक्षा ती जास्त लागली." मग त्याने विचारले, "वर इतकं सामसूम का?"

"महाराज तुमच्या चाकापुढे बसलेत."

"बसलेत? मांडी घालून?"

"हो. उठत नाहीत."

"आणि दगड किती लावलेत चाकांना?"

"दोन."

सुकदेव ताडकन सरळ झाला. "दोन दगडांवर रथ उभा आहे आणि म्हातारा खाली बसलाय? बायजे, कुबडी दे!"

"तुम्हाला कोणी बोलावलं नाही," बायजाबाई म्हणाली.

"माहीत आहे. कुबडी दे."

तो उतार चढताना वामनने त्याला हात देऊ केला, तो त्याने घेतला नाही. अर्ध्या वाटेवर त्याला धाप लागली, तेव्हा मात्र त्याने वामनच्या खांद्यावर भार टाकला. मागून बायजाबाई येत होती, आणि तिच्या मागून, कोणी न बोलावता, खालची आळी येत होती.

गर्दी दुभंगली. माध्यान्ह केव्हाच टळली होती. सुकदेव चाकापाशी आला. आधी त्याने कुबडीने ठोकून दगड तपासले, आपल्या माणसांना खूण करून आणखी चार दगड लावून घेतले, आणि मग महाराजांकडे वळला.

"महाराज, उठा," तो म्हणाला. "ही जागा आमची आहे."

महाराजांनी त्याच्याकडे वर पाहिले. त्यांच्या ओठांवर थकलेले हसू उमटले. त्यांनी हात पुढे केला आणि सुकदेवने तो धरून त्यांना उठवले. तेव्हा गर्दीतल्या एका कोपऱ्यात कोणीतरी हुंदका दिला. ते व्यापारी होते, असे लोक पुढे सांगत.

उजव्या चाकाची मोगरी कोण घेणार, हा प्रश्न उरला होता. सुकदेवला वाकता येणार नव्हते. वामनने कंबरेला उपरणे बांधले आणि ती मोगरी उचलली. "तुम्ही सांगा," तो म्हणाला, "मी लावतो." सुकदेवने त्याला काही क्षण न्याहाळले, मग कुबडी रोवून तो चाकाच्या बाजूने उभा राहिला. बाकीच्या चाकांपाशी नावाडी आणि वरची मुले मिळून उभी राहिली; शशिकांत डाव्या चाकाशी गेला.

रथ सुटला. वामनला आयुष्यात प्रथमच तो आवाज खालून ऐकू आला. वरून तो मेघगर्जनेसारखा मंगल वाटे. इथे तो दात वाजावेत तसा जवळून येत होता. वर देव होते, ओवाळणारे हात होते, फुले होती. त्यातले त्याला काही दिसत नव्हते. दिसत होते फक्त चाक, आणि ऐकू येत होता सुकदेवचा आवाज, "लाव. काढ. लाव. आता काढ."

उताराच्या मध्यावर डाव्या बाजूला शशिकांतचा पाय घसरला. त्याला फार लागले नव्हते, नुसता गुडघा टेकला होता. पण वामनने रथाखालून तो टेकलेला पाहिला आणि तो असा ओरडला, की त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"थांबा!"

मोगऱ्या एकदम बसल्या. पुढचा दोर सैल पडला, मागची माणसे थबकली, आणि अख्खा रथ करकरत उभा राहिला. व्यापाऱ्याच्या मुलाला आधार देऊन उठवायला सर्वांत आधी पोहोचला तो खालच्या आळीतला एक नावाडी. तो मुलगा उठून उभा राहीपर्यंत, त्याने पाऊल टेकवून पाहीपर्यंत, आणि "ठीक आहे" असे तो स्वतः म्हणेपर्यंत, दोर धरलेले ते शेकडो हात स्तब्ध राहिले.

आपल्यात कोण कोण आहे, हे जाणायचे असेल, तर आपण कोणासाठी थांबतो ते पाहावे. वामनने हे पुढे कधी कोणाला शिकवले नाही. दरवर्षी पौर्णिमेला तो मोगरी घेऊन वाकत असे.