साक्ष नसलेले चित्र

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी भद्रवती नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका चिताऱ्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुदंत.

राजा आता म्हातारा झाला होता. थंडी पडली की त्याचे गुडघे धरत, आणि फाल्गुन लागेपर्यंत तो महालाबाहेर पडत नसे. लहानपणी तो याच नदीत पोहायला शिकला होता. म्हणून दर हिवाळ्यात सुदंत नदीवर जाई आणि तिथले पशुपक्षी कापडावर काढून राजाला आणून दाखवी. उत्तरेकडून आलेले चक्रवाक, वाळूत ऊन खात पडलेली सुसर, धुक्यात एका पायावर उभा करकोचा. राजा ते कापड मांडीवर पसरी आणि म्हणे, "चला, आज नदीवर जाऊन आलो!"

सुदंत अंगाला चिखल फासून, घोंगडी पांघरून लव्हाळ्यात बसे. पहिले तीन दिवस तो कोळसा हातात घेत नसे, नुसता पाहत राही. प्राणी त्याला दगड समजू लागले की चौथ्या दिवशी पहिली रेघ ओढी. त्याच्या घराण्याची आणखी एक चाल होती. प्रत्येक चित्रात त्या जागेची एक खरी खूण काढायचीच. तिला ते साक्ष म्हणत. साक्ष नसली तर लोक म्हणतील, घरी बसून मनाने रचले.

त्या पौषात सुदंतला पाणमांजरांचे एक कुटुंब दिसले. नर, मादी आणि तीन पिल्ले. मादी पिल्लांना मानेला धरून पाण्यात सोडी, आणि ती ओरडत पुन्हा काठावर चढत. सुदंतने ते सारे काढले. साक्ष म्हणून बिळावरचा, वीज पडून दुभंगलेला अर्जुनवृक्ष काढला आणि त्याची सकाळची सावलीही काढली.

दरबारात वाहवा झाली. राजाचा शिकारी रोहक त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला.

"सुदंतभाऊ, काय हुबेहूब काढलंय! नुसतं बघून माझे पाय ओले झाले," तो म्हणाला. सगळे हसले. सुदंतही हसला आणि समाधानाने घरी गेला.

आठ दिवसांनी तो पुन्हा नदीवर गेला, तेव्हा बीळ खणलेले होते. तोंडाशी धुराचा वास होता आणि चिखलात माणसांची पावले होती. महालात येऊन पाहतो तो राजाच्या गुडघ्यांवर तीन कातडी पांघरलेली. एक नराचे, दोन पिल्लांची.

"मी कसला शोधतोय!" रोहक हसत म्हणाला. "झाड तुम्ही दाखवलंत, सावलीवरून काठ कळला. तुमचं बोट धरून गेलो म्हणा ना!"

सुदंत घरी येऊन जेवला नाही. त्याची बायको भद्रा म्हणाली, "अहो, बीळ त्यानं खणलं. तुम्ही का उपाशी?"

"खणलं त्यानं. वाट मी दाखवली."

दुसऱ्या दिवशी राजाने त्याला बोलावले. "या कातड्यांना फार ऊब आहे रे, सुदंता. गुडघ्यांना कितीतरी दिवसांनी आराम पडला. पण दोन्ही पाय झाकत नाहीत. मादी आणि एक पिल्लू निसटलंय, रोहकाला काही सापडत नाही. तू शोध, आणि चित्र काढून आण. साक्षीसकट."

सुदंत नमस्कार करून निघाला. ती दोघे जिवंत आहेत का, हे त्याला पाहायचेच होते. नवव्या दिवशी ती दिसली. मग तो तीन दिवस पाहत राहिला आणि चौथ्या दिवशी त्याने कोळसा हातात घेतला.

घरी भद्राने कापड उलगडले. मधोमध मादी, तिच्या तोंडात पिल्लाची मान. बाकी सारे कापड कोरे.

"महाराज हात तोडतील," ती म्हणाली.

"तोडतील."

ती ताट वाढीत म्हणाली, "तर आज पोटभर जेवून घ्या. उद्यापासून मलाच भरवावं लागणार."

दरबारात राजाने कापड उलटून पाहिले, सुलटून पाहिले. "नदी कुठं आहे?"

"पाहिली आहे, महाराज. काढली नाही."

रोहक मोठ्याने हसला. "सापडलीच नसतील हो! घरी बसून रचलंय."

त्याला नुसते 'हो' म्हटले असते, तरी सुदंतची सुटका होती. पण तो म्हणाला, "सापडली. जागा मला ठाऊक आहे. मी सांगणार नाही."

"ज्या हातानं माझं अन्न खातोस, तो हात तोडीन!" राजा गरजला.

"तोडावा, महाराज. त्याआधी एकदा माझ्याबरोबर नदीवर चला. होडी मी वल्हवीन. जाता-येता मात्र डोळ्यांवर पट्टी बांधावी लागेल."

"महाराज, हा बुडवील तुम्हाला!" रोहक ओरडला.

राजा त्या कोऱ्या कापडाकडे पाहत होता. "बुडवलं तर पाण्यात तरी उतरेन," तो म्हणाला. "पाच हिवाळे झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी लव्हाळ्यात शिरली. सुदंतने राजाची पट्टी सोडली. थंडी फार होती, म्हणून राजाने ती कातडी गुडघ्यांवर घेतली होती. पाण्यावर धुके होते. खूप वेळ काहीच झाले नाही. राजाला खोकला येऊ लागला, तो त्याने उपरण्यात दाबून धरला.

मग मादी वर आली. तिच्यामागे पिल्लू. ती मासा घेऊन काठाकडे निघाली आणि एकाएकी थांबली. वारा होडीवरून तिच्याकडे वाहत होता. तिने नाक वर केले, मासा सोडून दिला आणि होडीकडे तोंड करून बारीक शीळ घातली. मागचे पिल्लू चिरकले. तिने त्याच्याकडे पाहिले, पुन्हा होडीकडे वळली आणि शीळ घातली. असे तिने कितीतरी वेळा केले.

"पिल्लू तर तिच्याजवळच आहे," राजा कुजबुजला. "मग ही हाक कुणाला मारते?"



राजाने खाली, आपल्या गुडघ्यांकडे पाहिले. दोन्ही तळहात त्याने कातड्यांवर ठेवले आणि ती शीळ थांबेपर्यंत तो हलला नाही. मादी पाण्यात दिसेनाशी झाली. सुदंतने वल्हे उचलले. तेवढ्यात राजाने पट्टी मागून घेतली आणि स्वतःच्या हातांनी डोळ्यांवर घट्ट बांधली.

नगरात परतल्यावर त्याने वेत्रवतीच्या दोन्ही काठांवर शिकार बंद केली. सुदंतचा हात शाबूत राहिला. पुढे त्या घराण्याने चित्रात साक्ष काढणे सोडून दिले.

ही कथा सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा शिकारी रोहक म्हणजे आजचा देवदत्त. वृद्ध राजा म्हणजे आपला आनंद, आणि भद्रा म्हणजे राहुलची माता. हाक मारणारी ती मादी महाप्रजापती गौतमी होती. चितारी सुदंत तो मी." मग त्यांनी सांगितले की ज्याला सारे दिसते, त्याने सत्य न सोडता दुबळ्याचा निवारा राखावा. सर्व जिवांविषयीच्या अशा सद्भावाला मैत्री म्हणतात.