शेटजींचं मळकं पागोटं

एक होतं गाव, आणि त्या गावाला एकच वेड होतं. पांढऱ्याचं. वेड काय, प्रत्येक गावाला असतंच. कुणाला मिरवणुकीचं, कुणाला भांडणाचं. ह्यांना पांढऱ्याचं होतं, एवढंच.

गाव चांगलं मोठं, डोंगराच्या उतारावर वसलेलं. वर पेठा, मध्ये घरं, त्याखाली कोष्टीआळी आणि अगदी तळाशी तळं. त्या तळ्याचं पाणी असं, की त्यात धुतलेलं कापड दुसऱ्या गावच्या कापडाशेजारी ठेवलं तर ते दुसरं बिचारं नवं असूनही जुनं वाटायचं. कोष्टी पागोटी विणायचे, तळ्यात धुवायचे, आणि राजाच्या डोक्यावर दरवर्षी जे पागोटं चढायचं ते ह्याच गावचं असायचं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा पाहुण्याला अडवून विचारायचं, "राजाच्या डोक्यावर कुणाचं पागोटं असतं, ठाऊक आहे का?" आणि पाहुण्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून मोकळं व्हायचं.

दरवर्षी गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी गावात 'धुवणी' असायची. राजाचा कारभारी यायचा. सगळ्यांत म्हातारा कोष्टी नवं पागोटं तळ्यात बुडवायचा, दोघं जण ते दोन टोकांना धरून उन्हात ताणायचे, आणि कापड लखलखलं की अख्खं गाव एका तोंडाने ओरडायचं, "आमचं!" बस, एवढाच सण. पण त्या एका शब्दासाठी लेकीबाळी सासरहून यायच्या.

एका वर्षी धुवणी झाली. म्हाताऱ्या कोष्टीबाबांनी पागोटं बुडवलं, दोघांनी ताणलं, आणि गावाने ओरडण्यासाठी घेतलेला श्वास तसाच घशात राहिला. पागोटं पिवळट निघालं होतं. बाबांनी घाईघाईने पुन्हा बुडवलं. ते आणखी मळकट झालं. त्या दिवशी कुणीच "आमचं" म्हणालं नाही.

कारभारी भला माणूस होता. तो हळूच म्हणाला, "हे मी राजाच्या हातात कसं देऊ? पुढच्या गौरींपर्यंत थांबतो. तेव्हाही असंच निघालं तर मला दुसरं गाव बघावं लागेल."

कोष्टीबाबा पायरीवर बसले ते उठेनात. म्हणाले, "कारभाऱ्यांना दुसरं गाव बघावं लागेल, तसं आम्हालाही. पाणीच गेलं तर माग कशाला ठेवायचे इथे? उचलायचे आणि चालू लागायचं." पोराबाळांनी भरलेली अख्खी कोष्टीआळी त्यांच्या मागे उभी होती.

आता तुम्ही म्हणाल, तळं नासवलं कुणी? शत्रूने विष घातलं की काय? छे हो! नासवलं ते ह्याच पांढऱ्याच्या वेडाने. सकाळ झाली की जो तो आपलं घर झाडायचा, अंगण धुवायचा, आणि केर, राख, शेण, रिठ्याचा फेस, सगळं उंबऱ्याबाहेर लोटून द्यायचा. उंबरा ओलांडला की ते आपलं नाही, असा त्या गावचा ठाम समज. बाहेर पडलेलं पाऊस नेईल, म्हणायचे. पाऊस न्यायचाच. पण नेऊन ठेवायचा कुठे, हे कुणी त्याला विचारलं नव्हतं.

पूर्वी हे खपून जायचं, कारण अंगणं मातीची होती. पाऊस पडला की निम्मं पाणी माती पिऊन टाकायची. पण मग नगरशेटांनी फरशी घातली.

नगरशेट म्हणजे पागोट्यांचे मोठे व्यापारी. मनाने वाईट नव्हते, कबुतरांना रोज पायली पायली दाणे घालायचे. पण नाक जरा जास्तच वर. त्यांनी वाड्यापुढे एवढी मोठी फरसबंदी केली की चार गाड्या एकदम वळाव्यात. चिखलाचा ठिपका दिसायचा नाही. शेटजींचं बघून तेल्याने फरशी घातली, तेल्याचं बघून सोनाराने, आणि मग काय, एका मेंढरामागे सगळी मेंढरं! बघता बघता गावभर दगडच दगड झाले. दगड कुठे पाणी पितो? पावसाचा थेंब न थेंब गावभरची घाण पोटात घेऊन उड्या मारत खाली तळ्यात जाऊ लागला.

चावडीवर गाव जमलं. गावचा कारभार पाटलीणबाईंकडे होता. बोलायला फटकळ, पण न्यायाला पक्की बाई.

लोकांनी नेहमीप्रमाणे आधी दोषी शोधायला घेतला. एकजण म्हणाला, "हे तेल्याच्या पेंडीमुळे." तेली म्हणाला, "वा रे वा! आणि तुझ्या तबेल्यातून काय अत्तर वाहतं?" तिसरा म्हणाला, "तळ्यात तुरटी टाकू या."

"तुरटी तुमच्या डोक्यात टाका," पाटलीणबाई म्हणाल्या. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! परवाच्या पावसात मी वरपासून खालपर्यंत गल्लीगल्लीने चालत गेले. असं एक घर दाखवा की ज्याचा ओघळ तळ्याकडे जात नाही. थेंबे थेंबे तळे साचे, तसं थेंबाथेंबाने नासतंही."

मग त्यांनी उपाय सांगितला. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मोठा खड्डा खणायचा. त्यात खडी, वर वाळू. पाणी तिथे थांबेल, गाळ खाली बसेल, गाळलेलं पाणी पुढे जाईल. तळ्याच्या काठाला लव्हाळी लावायची. आणि खड्ड्यांतला गाळ काढायला बारा महिने माणसं ठेवायची, कारण खड्डा एकदा खणून भागत नाही, तो भरतो.

"झकास!" सगळे म्हणाले. "पण पैसे?"

"घरटी सारखे घ्या," सोनार म्हणाला.

तेवढ्यात मागून भाजीवाली म्हातारी उठली. तिची एक झोपडी आणि पुढे भोपळ्याचा वेल. ती म्हणाली, "बाई, माझ्या दारचं पाणी माझा भोपळाच पितो. शेटजींच्या दगडांइतकं मी का भरू?"

पाटलीणबाई हसल्या. "बरोबर बोललीस. मग ठरलं. जेवढं छप्पर आणि जेवढी फरशी, तेवढी पट्टी. ज्याच्या दारातून ओघळ मोठा, त्याने जास्त भरायचं. ज्याने दगड उखडून माती मोकळी केली, त्याची पट्टी कमी. हिचं नाव ओघळपट्टी."

सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग सगळ्यांनी शेटजींकडे पाहिलं. कारण सगळ्यांत मोठं छप्पर त्यांचं, सगळ्यांत मोठी फरशी त्यांची.

शेटजी ताडकन उठले. "पाटलीणबाई, पैशाचं मला काही नाही. पण पट्टी भरायची म्हणजे माझ्या दारातून घाण जाते असं कबूल करायचं! माझ्या अंगणात सांडलेला भात उचलून खावा. ज्यांच्याकडे घाण आहे त्यांनी भरावं."

लगेच कुजबुज झाली. "शेटजी भरणार नाहीत तर आम्ही तरी का भरायचं?" एवढा वेळ डोलणाऱ्या माना आडव्या हलू लागल्या. कोष्टीबाबांनी डोळे मिटून घेतले.

शेटजींना आता चेव चढला. त्यांनी डोक्यावरचं पागोटं उतरवलं. हे काही साधंसुधं नव्हतं. राजाने स्वतःच्या डोक्यावरून काढून त्यांना दिलेलं, तळं नितळ होतं त्या काळचं. ते म्हणाले, "माझ्या अंगणाचं सगळं पाणी ज्या मोरीतून बाहेर पडतं, तिच्या तोंडावर हे बांधतो. एक पाऊस होऊ दे. पागोटं पांढरं राहिलं तर मी पट्टी भरणार नाही. मळलं तर जी म्हणाल ती भरीन."

"कबूल," पाटलीणबाई म्हणाल्या. "आम्ही कुणी पहाऱ्याला बसणार नाही. पागोटं तुम्हीच सोडा आणि तुम्हीच चावडीवर घेऊन या. नगरशेटांचा शब्द मला पुरे आहे."

शेटजींनी घरी जाऊन अंगण दोनदा झाडून घेतलं आणि मोरीला पागोटं बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हस्ताची सर आली. अशी कोसळली की गावातल्या पन्हळी धो धो वाहू लागल्या. उघडीप झाल्यावर शेटजी ऐटीत मागच्या बोळात गेले. बरोबर शेटाणीबाई होत्या.

पागोटं बघून शेटजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते ओळखू येत नव्हतं. छपरावरची कबुतरांची घाण. घोड्यांच्या चंदीचा कोंडा. गाड्यांच्या आसांचं वंगण. चुलीची राख. आणि त्या सगळ्यात फुगलेले कबुतरांचे दाणे. ते दाणे दुसऱ्या कुणाच्या दारचे म्हणायचीही सोय नव्हती. अंगण स्वच्छ होतं, अगदी खरं. सगळी घाण बाहेर आली होती म्हणून तर ते स्वच्छ होतं.

बोळात चिटपाखरू नव्हतं. शेटजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, आतून एक दुसरं पांढरं पागोटं आण बघू."

"आणते की," शेटाणीबाई म्हणाल्या. "पण कुठलं आणू? ह्या वर्षीचे गठ्ठे आहेत, ते सगळे पिवळट. पांढरं हवं तर पेटीत तळाशी जुनं एखादं उरलं असेल, ते शोधावं लागेल. आज ते काढते. पण अहो, तेही संपलं की मग काय दाखवायचं?"

ज्या गावाच्या पांढऱ्यावर त्यांनी जन्मभर नाक वर करून मिरवलं, त्या गावात आता खोटं बोलण्यापुरतंसुद्धा पांढरं शोधावं लागत होतं. त्यांना आपल्या फरशीची लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज मघाशी तोंडातून निघालेल्या शब्दांची वाटली.

त्यांनी पागोटं सोडलं, पिळलं आणि तसंच डोक्याला गुंडाळायला लागले.

"अहो, हे काय! ओलं आहे ते, घाण आहे!"

"असू दे," शेटजी म्हणाले. "माझीच आहे."

आणि नगरशेट भर पेठेतून निघाले. कपाळावरून काळे ओघळ गालावर येत होते, कानामागे कोंडा चिकटला होता. दुकानदार तोंडाला हात लावून बघत राहिले. कुणीतरी फिस्सकन हसलं, पण शेटजींची चाल बघून त्याचं हसू लगेच विरलं. ते मान खाली घालून चालत नव्हते हो! धुवणीला चालायचे तसे ताठ चालत होते.

चावडीवर सगळे जमले होते. शेटजींनी पागोटं उतरवलं, एक टोक पाटलीणबाईंच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि उन्हात ताणलं. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "आमचं!"

मागे बसलेले माना उंचावून बघू लागले.

"पांढरं निघालं तेव्हा ओरडायला मी सगळ्यांत पुढे असायचो," शेटजी म्हणाले. "मग मळकं निघालं तर मागे कसा राहू? हे माझ्या दारातून गेलंय. पाटलीणबाई, ओघळपट्टी माझ्यापासून सुरू करा."

कोष्टीबाबांना रडू आवरेना. त्यांनी उठून शेटजींच्या गालावरचा काळा ओघळ आपल्या उपरण्याने पुसला.

मग तेली उठला. "पेंड आमची. लिहा माझी पट्टी." तबेलेवाला उठला, सोनार उठला. शेवटी भाजीवाली म्हातारी पुढे आली. पाटलीणबाई म्हणाल्या, "अगं, तुझं केवढंसं ते छप्पर!"

"केवढंसं असेना का, त्याचं जे होईल ते घ्या," म्हातारी म्हणाली. "धुवणीला मीही ओरडणार आहे. फुकटात ओरडायचं नाही मला."

पाऊस सरताच खड्डे खणले गेले. खडी आली, वाळू आली, लव्हाळी रुजली, गाळ काढायला माणसं लागली. लोकांनी पट्टी कमी व्हावी म्हणून दगड उखडले, त्या जागी पेरू, शेवगा, अबोली लावली. शेटजींनीही अर्धी फरशी काढली. तेली चिडवायला लागला, "काय शेटजी, पट्टी वाचवताय वाटतं?"

"वाचवतोय तर!" शेटजी म्हणाले. "पट्टी वाचली म्हणजे तळं वाचलं. तूही वाचव की!"

पुढच्या गौरी आल्या आणि गेल्या. धुवणीला कारभारी आला. कोष्टीबाबांनी पागोटं बुडवलं, दोघांनी ताणलं, आणि काय सांगू! लोकांना डोळ्यांवर हात धरावे लागले इतकं ते लखलखलं. त्या वर्षी गाव जे ओरडलं, ते डोंगरापलीकडच्या गावाला ऐकू गेलं म्हणतात. कोष्टीआळीतला एकही माग गावाबाहेर गेला नाही.

कारभाऱ्याने शेटजींच्या डोक्याकडे पाहिलं. एवढ्या पांढऱ्या पागोट्यांत त्यांचं एकट्याचं डागाळलेलं होतं. "शेटजी, हे धुवायचं राहिलं का?"

"धुतलं. जेवढे डाग जायचे तेवढे गेले," शेटजी म्हणाले. "उरलेले मला हवे आहेत."

ते पागोटं पुढे शेटजींनी चावडीला देऊन टाकलं. आता ओघळपट्टीच्या दिवशी ते खुंटीवरून काढतात, आणि जो सगळ्यांच्या आधी येऊन पट्टी भरतो त्याच्या डोक्यावर त्या दिवसापुरतं चढवतात. त्या मानासाठी माणसं कोंबडा आरवायच्या आधी चावडीवर येऊन बसतात, जागेवरून भांडतातसुद्धा. आणि शेंबडी पोरं पाहुण्याला आता वेगळंच विचारतात, "राजाच्या डोक्यावर कुणाचं पागोटं असतं, ते राहू द्या. ह्या वर्षी मळकं पागोटं कुणी बांधलं, ठाऊक आहे का? माझ्या आजीने!"

तात्पर्य काय, तर गावाच्या कौतुकाला 'आमचं' म्हणायचं असेल, तर आपल्या दारातून वाहून गेलेल्या घाणीलाही आधी 'आमचं' म्हणावं, आणि ज्याचं छप्पर मोठं त्याने ते सगळ्यांत मोठ्याने म्हणावं.