दांड्याला लावलेला कान

जहाजं आणि होड्या एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. माणसांना देवमासे दाखवायला आलेलं दहा मजली जहाज छोट्या होडीला म्हणालं, "माझ्या गच्चीवरून अख्खा समुद्र दिसतो. तुला काय दिसणार, बाय?"

"दादा, आधी इंजिन थांबवा. देवमाशाचं पिल्लू चुकलंय. तुमच्या घरघरीत त्याला आईची हाक ऐकू येत नाहीये."

"तुला कसं कळलं?"

"आमचे पुंडलिक तांडेल वल्हं पाण्यात धरून दांड्याला कान लावतात. त्यांच्याबरोबर मीही ऐकते."

जहाजाने इंजिन थांबवलं. पाण्याखालून एक लांब हाक आली आणि तिला बारीकशी ओ मिळाली. थोड्या वेळाने होडीच्या कडेला आई वर आली. पिल्लू तिला बिलगलेलं होतं.

जहाज हळूच म्हणालं, "इतकी वर्षं मी यांना बघतोय. हे बोलतात, ते आज कळलं."