खवले मांजरी आणि बुजलेली मोरी

जंगलातून पहिला डांबरी रस्ता गेला, त्या दिवसांतली ही गोष्ट. टणकी नावाची खवले मांजरी पिल्लाला शेपटीवर बसवून रस्त्याच्या कडेला आली. पलीकडे मुंग्यांचं भलंमोठं वारूळ होतं आणि पिल्लू सकाळपासून उपाशी होतं.

"वरून जाऊ नकोस, बाई!" रस्त्याखालची मोरी ओरडली. "ट्रक येतायत!"

"येऊ देत की! मी अंगाचा गोळा करून बसते. वाघसुद्धा चाटून चाटून कंटाळतो नि निघून जातो."

"वाघ कंटाळतो गं, ट्रक नाही. परवा एक कासव असंच ऐटीत पाय पोटाशी घेऊन बसलं होतं..."

टणकीने पिल्लाकडे पाहिलं. त्याचे खवले अजून मऊ होते.

"मग तुझ्यातून जाऊ दे ना!"

"कशी जाशील? रस्ता बांधणाऱ्यांनी उरलेली खडी माझ्याच तोंडात कोंबली. कुणीतरी काढेल म्हणून तीन महिने थांबलेय."

"आणखी किती थांबणार?" टणकीने नख्या चालवल्या. खडी भराभर मागे उडाली.

"अहो मावशी, जरा जपून!" मागच्या झुडपातून एक ससा ओरडला.

"बोलतोस काय नुसता? दगड ओढ!"

थोड्या वेळाने पलीकडचा उजेड दिसला. तिघं आत शिरली. डोक्यावरून ट्रक धडधडत गेला, चिमूटभर धूळ पडली आणि पिल्लू सटकन शिंकलं. ती शिंक मोरीत अशी घुमली, की ससा घाबरून सुसाट सुटला आणि पलीकडे पोहोचताच रुबाबात हाका मारू लागला, "या, या सगळे! वाट मोकळी केलीय आम्ही!"