शेंड्यावरच्या बाई

फार मागे, नदीकाठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची शाळा भरायची. थोरल्या बाई शेंड्यावर बसून ओरडायच्या, "गाठी घट्ट मारा!" तरी पिल्लांची घरटी गळून पडायची. ओरडून ओरडून बाईंचा घसा बसला, जीव विटला.

एकदा थकून त्या खालच्या फांदीवर, पिल्लांना शिकवणाऱ्या गोदीशेजारी टेकल्या. पिल्लू गाठ मारायचं आणि पातं तटकन तुटायचं.

"अगं, हे गवत वाळकं आहे!"

"रोजच असतं, बाई. हिरवं पार टेकडीमागच्या ओढ्यावर. वर्ग सोडून कोण जाणार?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खाली कधी आलात?"

दुसऱ्या दिवसापासून बाई दमल्या पंखांनी हिरवं गवत आणू लागल्या. घरटी टिकली.

बाई अशाच ओढ्यावर गेलेल्या असताना कावळेसाहेब तपासणीला आले. रिकामा शेंडा पाहून चुकचुकले, "या शाळेला कुणी वालीच उरला नाही!"