बकुळीच्या फुलाएवढं मागणं

कण्हेरगावात एक होता कासार, एक होती कासारीण. त्यांना दोन लेकी. थोरली सगुणा सात वर्षांची, धाकटी चिमी दोन वर्षांची. घर गरिबाचं, पण दिवसभर बांगड्यांची किणकिण. चिमी "गुना, गुना" करत ताईच्या मागं दुडुदुडु धावायची.

एक दिवस चिमी झोक्यावरून पडली. डोक्याला मार बसला. वैद्यबुवांच्या औषधानं घाव भरला, पण चिमी चालेना, बोलेना, उजवी मूठ काही उघडेना. अख्ख्या गावाचे हात दाबून दाबून बांगड्या भरणारा कासार, पण लेकीच्या मुठीला हात लावायला भ्यायचा. कुठं कोवळा आवाज आला की सगुणा वळून बघायची. 'गुना' म्हणणारं कुणीच नसायचं.

एकदा बागेत फुलं वेचताना तिला बकुळीखाली, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेली परी दिसली. एवढीश्शी, सोनसळी, पंखांवर मोरपंखी नक्षी! सगुणानं तिला हलकेच सोडवलं. कोळ्यालाही म्हणाली, "रागावू नको हं."

"माग, पोरी," परी म्हणाली.

"आमची चिमी होती तश्शी दे."

"एवढं मोठं मागणं माझ्या झोळीत मावत नाही गं. रोज बकुळीच्या फुलाएवढंच माग. अर्धं काम माझं, अर्धं तुमचं. एकही दिवस चुकवायचा नाही."

सगुणानं विचार केला. "मग चिमीची करंगळी सुटू दे."

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं, तेव्हा कासारानं भीत भीत चिमीची मूठ हातात घेतली. तेल लावून, बांगडी भरताना दाबतो तशी हळूहळू दाबली. रोज. नवव्या दिवशी करंगळी सुटली! कासारणीनं गूळ वाटला.

शेजारच्या गोदाकाकू हसल्या. "एका बोटाचा गूळ?"

"बाकीची चार सुटली की परत या, काकू. परत देईन!" कासारीण म्हणाली.

चारही सुटली. चिमी भिंत धरून उभी राहिली. पण तोंडातून शब्द नाही. तोवर बकुळीचा बहर सरला.

"एकच फूल उरलंय, म्हणजे एकच मागणं," परी म्हणाली.

सगुणाच्या ओठांवर 'गुना' आलं होतं. पण तिला आठवली चिमीच्या तोंडाकडे डोळे लावून बसलेली आई. "तिला 'आई' म्हणू दे," ती म्हणाली.

परीनं तिच्या कपाळाची पापी घेतली. गुलाबी-सोनेरी उजेड झाला, त्यात परी विरून गेली.

मग रोज सगुणा चिमीसमोर बसून म्हणायची, "आ... ई." कितीतरी दिवस.

एका सकाळी कासारानं चिमीच्या उजव्या हातात इवलीशी हिरवी बांगडी भरली. बांगडी किणकिणली, आणि चिमी म्हणाली, "आई."

आई रडत धावली. पण चिमीनं मान वळवली. पाय जरा ओढत दोन पावलं आली, बांगडीचा हात पुढं केला.

"गुना!"

त्या दिवशी गोदाकाकूंनीच गावभर गूळ वाटला.