दगडाला गं, अनसे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नये. खैरओढ्यात तेव्हा मारुतीला छप्पर नव्हतं आणि ओढ्याला भर उन्हाळ्यात पाणी असायचं, एवढं सांगितलं की पुरे.

गावाच्या टोकाला साळूआत्या राहायची. ती पाथरवटीण. नवरा गेल्यावर तिनं त्याची छिन्नी आणि हातोडा उचलला आणि त्याचंच काम पुढं चालवलं. ती जाती घडवायची. दळून दळून गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं नव्या खाचा पाडून द्यायची. डोक्यावर हत्यारांची पाटी घेऊन ती गावोगाव फिरायची आणि आरोळी द्यायची, "जात्याला टाकीऽऽ." तिचा हातोडा पडला की आवाज खिंडीपर्यंत जायचा, असं म्हणतात. जीभ त्याच्याही पुढं जायची.

अनसा ही तिची भाची. आईबाप लहानपणीच गेले. आत्यानं वाढवली आणि आत्यानंच खिंडीपलीकडं दिली. नवरा रंगोजी, बैलांचा दलाल. बाजारात त्याच्यासारखा गोड माणूस शोधून सापडायचा नाही. घरी आला की हात उचलायचा. मीठ जास्त झालं म्हणून उचलायचा, कमी झालं म्हणून उचलायचा. मीठ बरोबर पडलं, तर ही गप्प का बसली म्हणून उचलायचा.

एका दुपारी अनसा खिंड चढून आत्याच्या दारात आली. ओठ फुटलेला होता. आत्यानं काही विचारलं नाही. पाणी दिलं, भाकरी दिली, घोंगडी अंथरली.

दुसऱ्या दिवशी रंगोजी नारळ घेऊन आला. मारुतीसमोर उभा राहून रडला. पुन्हा असं होणार नाही, म्हणून त्यानं देवाच्या पायावर हात ठेवला.

आता खैरओढ्याला एका गोष्टीचा मोठा गर्व होता. गावची एकही लेक सासर सोडून माहेरी बसलेली नव्हती. शेजारच्या गावांत तसं सांगताना पाटलांची मान ताठ व्हायची. त्यामुळं गावानं रंगोजीचे डोळे पाहिले, अनसाचा ओठ पाहिला नाही. पाटलीणबाईंनी स्वतः तिची ओटी भरली. नवं लुगडं दिलं. हलगी वाजवत सगळा गाव तिला खिंडीपर्यंत पोचवायला गेला. लेकीला मारणाऱ्याच्या घरी वाजतगाजत पाठवायची ही चूक खैरओढ्यानं केली, आणि मोठ्या मायेनं केली.

साळूआत्या तेवढी घरी राहिली. पाटील दारात येऊन म्हणाले, "साळूबाई, सगळी पोचवायला आली. तुम्हीच न्हाई."

"पाटील, मी दगडसुद्धा वाजवून बघितल्याबिगर घेत न्हाई," आत्या म्हणाली. "तुम्ही माणूस रडण्यावर घेतला."

पुढच्या हंगामात अनसा परत आली. या वेळी उजवं मनगट मोडलेलं होतं. हातात एक बांगडी उरली नव्हती. ती देवळासमोरून चालत गेली. जिनं ओटी भरली होती ती बाई दारात उभी होती, ज्यानं हलगी वाजवली होती तो गडी पारावर बसला होता. मग गाव आत्याच्या दाराशी गोळा झाला. आत्या बाहेर आली.

"आता पुन्हा ओटी भरू नका," ती म्हणाली. "घरी जावा."

हाडवैद्यानं मनगट बसवलं. ते वाकडंच बसलं. हाड जुळलं, पण अनसा बोलेना. दिवसभर कोपऱ्यात बसायची. आणि दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. आत्यानं अंगणात हातोडा उचलला की अनसा दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायची. हातोडा दगडावर पडणार, हे तिला कळत होतं. अंगाला कळत नव्हतं.

पाथरवटीण हातोडा उचलणार नाही तर करणार काय? आत्यानं आधी दगड ओढ्यापलीकडं नेले. पण आवाज आला की इकडं अनसा डोकं झाकायची. मग आत्यानं एक दिवस दगड परत आणले. अंगणात बसली, अनसाकडं तोंड केलं, आणि हातोडा उचलण्याआधी म्हणाली, "दगडाला गं, अनसे."

मग मारला.

पुन्हा म्हणाली, "दगडाला गं." पुन्हा मारला.

एक जातं घडवायला किती घाव लागतात, ते ज्यानं घडवलं त्यालाच ठाऊक. प्रत्येक घावाआधी साळूआत्या ते दोन शब्द बोलली. घसा बसला तरी बोलली. शेजारीण म्हणाली, "आत्याबाई, वेड लागंल लोकांना ऐकून." आत्या म्हणाली, "लागू दे. तुझ्या घरात फार शहाणे झालेत का?" त्या वर्षी आत्याचे घाव इतके सावकाश पडले की दगडाला दुखेनासं झालं, असं म्हणतात.

हळूहळू अनसाचे हात डोक्यापर्यंत जाईनात. खांद्यापर्यंत जायचे, मग मांडीवरून नुसते हलायचे, मग तेही नाही. आणि एका सकाळी ती कोपऱ्यातून उठून अंगणात आली. तिनं वाकड्या उजव्या हातात छिन्नी धरली, डाव्या हातात हातोडा घेतला.

आत्या चटकन मागं सरली आणि तिनं स्वतःचंच डोकं दोन्ही हातांनी झाकलं. "अगं, सांग तरी, कुणाला मारतीस ते."

अनसा हसली. "दगडाला, आत्या," ती म्हणाली. परत आल्यापासूनचे ते तिचे पहिले शब्द.

ते जातं अनसानं एकटीनं पुरं केलं. डाव्या हाताच्या टाकीनं खाचा सगळ्या उलट्या पडल्या, त्यामुळं ते इतर जात्यांच्या उलट बाजूनं फिरवावं लागायचं. अनसाचं तोंड उतरलं. आत्यानं मूठभर जोंधळा टाकून फिरवलं, पीठ बोटांत धरून पाहिलं. "पीठ पडतंय ना? मग ज्याला दळायचंय तो फिरवंल तसं."

पण वाकड्या हातानं एकटीला जातं ओढवेना. मग आत्यानं नेहमीपेक्षा उंच खुंटा बसवला, आणि दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावून दळू लागल्या. बरेच दिवस ते दळण मुकंच चाललं. एका पहाटे शेजारणीनं अंथरुणातच कान टवकारले. अनसा ओवी म्हणत होती.

माझ्या गं जात्याला, उंच खुंटा बाभळीचा,
एक हात माझा, दुजा माझ्या माऊलीचा.

शेजारीण उठली नाही. पडल्या पडल्या डोळे पुसले आणि पुढची ओवी ऐकत राहिली.

पुढं दोघी मिळून गावोगाव जाऊ लागल्या. अनसाच्या हाताची टाकी लागली की पीठ लोण्यासारखं पडायचं. ज्या घरात बाईवर हात उठलाय, तिथलं जातं तिनं नुसतं चाचपलं तरी तिला कळायचं, असं म्हणतात. ती काही बोलायची नाही. जाताना त्या घरच्या बाईला एवढंच सांगायची, "खिंडीच्या अलीकडं आमचं घर. जातं उलटं फिरतं, खुंटा उंच हाय. कधीबी ये."

बायका आल्या. कुणी चार दिवस राहिली, कुणी काम शिकून गेली.

मग एकदा गावात लग्न निघालं. हळद दळायला बायकांनी अनसाचं जातं देवळाच्या अंगणात आणलं. सगळ्या जमल्या असताना खिंडीतून रंगोजी उतरला. चार माणसं बरोबर, हातात नारळ. पुन्हा मारुतीसमोर उभा राहिला. पुन्हा रडला.

अनसा हळदीच्या हातानं जात्याशी बसली होती. तिला आता एकच भीती होती. मनगटाची नव्हे, ते वाकडं का होईना, जुळलं होतं. गाव पुन्हा हलगी आणील का, ही भीती.

पाटील उठले. मग गावानं कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "अनसे, तुझं काय म्हणणं?"

"मी जात न्हाई," अनसा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"बाईच्या जातीला काय विचारता?" रंगोजी म्हणाला. रडणं कुठल्या कुठं गेलं. तो पुढं आला आणि सवयीनं त्याचा हात वर गेला. सगळ्या गावादेखत गेला.

अनसानं डोकं झाकलं नाही. त्या हाताकडं बघत म्हणाली, "दगडाला."

हात खाली आला तो जात्यावर. घंटेवर घण पडावा तसं जातं वाजलं. तो नाद घरोघरी गेला आणि खैरओढ्यातलं एकूण एक जातं, कुणी हात न लावता, गरगर फिरायला लागलं. ज्यांत दाणा नव्हता त्यांतूनही पीठ पडलं, असं म्हणतात. रंगोजी हात धरून खाली बसला. आणि पहिल्यांदा उठल्या त्या पाटलीणबाई. त्या अनसासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी खुंट्याला हात लावला. मग दुसरी आली, तिसरी आली. खुंट्यावर जागा उरली नाही तेव्हा एकीनं दुसरीच्या हातावर हात ठेवला. हळद दळली गेली. आजवर तसली पिवळी हळद कुणी पाहिली नाही.

रंगोजी आल्या वाटेनं गेला. तो हात पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही. जेवायला यायचा, नमस्काराला यायचा, उगारायला यायचा नाही. कुणी म्हणतात, त्याला लाज वाटली. लाज वाटायची असती तर आधीच वाटली असती. जात्यावर त्याच्या बोटांचे खळगे अजून दाखवतात. खळगे आहेत. साळूआत्याच्या छिन्नीचेही असतील.

पुढं रंगोजीपासून काडीमोड झाली आणि अनसाचा पाट लागला, म्हणजे दुसरं लग्न झालं. कोंडाजी धनगर, बायको वारलेला, कमी बोलणारा. आत्यानं त्याला वर्षभर वाजवून पाहिला, तेव्हा हो म्हणाली. त्याच्या घरात दह्याचं मडकं शिंक्यात टांगलेलं असायचं. ते काढायला हात वर करायचा तर तो आधी म्हणायचा, "शिंकं काढतोय गं." म्हातारपणी अनसाबाई चिडायच्या, "ठाऊक हाय, काढा एकदाचं." कोंडाजी मान हलवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायचा, "शिंकं काढतोय गं." मरेपर्यंत म्हणत होता. तो गेल्यावर अनसाबाईंनी ते शिंकं कुणाला काढू दिलं नाही.

आता देवळाला छप्पर आहे, गावात गिरणी आहे. दळायला जात्याशी कुणी बसत नाही. पण अनसाबाईंचं जातं देवळाच्या ओसरीवर आहे आणि त्याला बाभळीचा उंच खुंटा आहे. झिजला की गाव नवा बसवतो. गावातली असो, परगावची असो, एखादी बाई येऊन ते जातं रिकामंच फिरवायला लागली, तर ज्या बाईच्या कानावर घरघर पडेल तिनं हातातलं काम टाकून यायचं आणि समोर बसून खुंटा धरायचा. काय झालं ते विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर ती सांगते. नंतर तिला भाकरी मिळते, छप्पर मिळतं, आणि जायचं की राहायचं ते तिचं तिला विचारतात. ओटी भरून कुणाला परत पाठवत नाहीत.

आणि खैरओढ्याचा पाथरवट घाव घालण्याआधी अजून म्हणतो, "दगडाला गं." आसपास चिटपाखरू नसलं तरी म्हणतो. घरातले पुरुष फळीवरचा डबा काढताना म्हणतात, "हात वर करतोय गं." परगावचे लोक हसतात. हसू देत.

मागं एक नवा जावई पहिल्यांदा जेवायला आला होता. चांगला मुलगा. उठला आणि काही न बोलता त्यानं फळीवरच्या लोणच्याच्या बरणीला हात घातला. घरातल्या सगळ्या बायकांचे घास हातातच थांबले. नुसत्या बघत राहिल्या.

त्यानं हात खाली घेतला. इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरणी काढतोय."

"गं," म्हाताऱ्या आजेसासूबाई म्हणाल्या.

"बरणी काढतोय गं," जावई म्हणाला, आणि मग सगळ्या जेवल्या.